पैनगंगेच्या काठाने सायकलवर : जो सर्वांत सावकाश, तो सर्वांत पुढे

आपल्या जिल्ह्यात एके काळी सायकल हे मानाचे वाहन होते. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल मिळाली की मांडवात त्याची चर्चा होई. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाले, कचेरीतले कारकून, सारे सायकलवर. ज्यांच्याकडे स्वतःची नसे ते चौकातल्या दुकानातून तासाच्या भाड्याने घेत. या मंडळींनी ‘व्यायाम’ हा शब्द क्वचितच उच्चारला असेल. पण रोज आठ-दहा किलोमीटर पायडल मारणे हा त्यांच्या दिवसाचाच भाग होता.

आज कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलाही मोटारसायकल निघते. सायकल अंगणात भिंतीला टेकून गंजत असते आणि तिचा मालक माझ्या दवाखान्यातील बाकावर बसलेला असतो. कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाची साखर, कुणाचे गुडघे कुरकुरणारे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा आजार आता केवळ मोठ्या शहरांतला राहिलेला नाही.

“डॉक्टर, फिरायला जातो हो, पण चार दिवसांत कंटाळा येतो,” ही तक्रार मी रोज ऐकतो. ती खरीही आहे. एकट्याने केलेला व्यायाम फार काळ टिकत नाही. त्याला सोबत हवी आणि कुठेतरी पोहोचायचे ठिकाण हवे. म्हणूनच गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जणांनी पुसदहून उमरखेडमार्गे पैनगंगेवरील सहस्रकुंडापर्यंत सायकलने जायचे ठरविले. त्या सहलीविषयी, आणि विशेषतः त्यातील एका सहप्रवाशाविषयी, आज वाचकांना सांगायचे आहे.

सायकल शरीराला काय देते?

प्रथम थोडी शास्त्रीय माहिती. सायकल चालविताना मांड्या, नितंब आणि पोटऱ्या येथील शरीरातले सर्वांत मोठे स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि यासाठी त्याला नेहमीएवढ्या इन्शुलिनची गरज लागत नाही. व्यायाम संपल्यावरही कित्येक तास हे स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. पोटरीचे स्नायू आवळले-सैलावले की पायांत साठलेले रक्त हृदयाकडे वर ढकलले जाते. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे पाठवू लागते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी सावकाश होते.

गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी सायकलचा आणखी एक फायदा आहे. शरीराचा बराचसा भार सीटवर पडतो, त्यामुळे गुडघ्याला धक्के न बसता त्याची हालचाल होते. अट एकच, सीटची उंची योग्य हवी.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची सुमारे पाच वर्षे नोंद ठेवून २०१७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. सायकलने कामावर जाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण ४६ टक्क्यांनी, तर मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सायकल वापरणारे लोक मुळातच थोडे अधिक निरोगी असू शकतात, हे खरे. मात्र वय, धूम्रपान, आहार यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला, ही लक्षात घेण्याची गोष्ट आहे.

मोठ्यांचे मोठे पराक्रम, आपले छोटे

सायकलवरून दूर जाण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये सुमारे ४४ हजार मैल तुडवून परतले. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही त्याहून लांबची शर्यतही पार पाडली.

ही उदाहरणे वाचून ऊर भरून येतो. पण पन्नाशीतल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी त्यांच्यामागे धावू नये. आमची तुकडी अगदी साधी होती. बँकेतील कारकून, किराणा दुकानदार, दोन शेतकरी, आश्रमशाळेतील शिक्षिका, एक परिचारिका, कॉलेजची तीन मुले, एक निवृत्त शिक्षक आणि मी. सर्वांत लहान १९ वर्षांचा, सर्वांत मोठे ६१ वर्षांचे. अकरांपैकी सात सायकली बिनगिअरच्या होत्या.

गुरुजींचा प्रश्न

एकसष्ट वर्षांचे ते निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सारे गुरुजीच म्हणतो. चौदा वर्षांचा मधुमेह, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी, जोडीला मेटफॉर्मिन. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी ८.४ टक्के. त्यांनी येतो म्हटल्यावर घरात मोठा वाद झाला. पुण्याहून मुलाचा फोन आला. वहिनी तर दवाखान्यात येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, यायले नेऊ नका. जंगलात काही झालं तर कोणाले बोलवाल?”

वहिनींची भीती निराधार नव्हती. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्शुलिन पाझरून घेतात. पोटात अन्न असो वा नसो, त्या आपले काम करीत राहतात. त्यात तीन-चार तासांचे श्रम मिळाले की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. दुसरीकडे, ज्या माणसाला व्यायामाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच घरी बसविणे, हाही उपाय नव्हे. गुरुजी दोन वर्षांपासून उदास होते. शाळा सुटली, मुले दूर गेली, दिवसभर खुर्ची आणि टी.व्ही. एवढेच उरले होते.

म्हणून मी अटी घातल्या. सहा आठवडे सराव करायचा. पहिल्या आठवड्यात रोज ५ किलोमीटर, मग ८, मग १२ आणि रविवारी २५. हृदयाची तपासणी आधी. तळपायांची संवेदना आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, कारण जुन्या मधुमेहात दोन्हींना इजा झालेली असू शकते. सहलीच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ठरले. त्यांनी त्या दोन दिवसांपुरती ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पावडर तिघांच्या पिशवीत वेगवेगळी ठेवली. हे सर्व वहिनींसमोर समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी होकार दिला. मात्र चेहरा काही खुलला नाही.

आमचा एकच नियम

सहलीचा मुख्य नियम असा की, जो सर्वांत सावकाश चालवतो तो सर्वांत पुढे राहील आणि त्याला कुणीही ओलांडणार नाही. कॉलेजच्या मुलांना हे आधी पटले नाही. सर्वसाधारणपणे दणकट माणसे पुढे निघून जातात आणि दमलेला मागे एकटा पडतो. पुढचे लोक त्याची वाट पाहत आराम करतात. तो धापा टाकत पोहोचला की लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही! शिवाय मागे राहिलेल्याला काही झाले तर ते कुणाला दिसतही नाही. तेव्हा गुरुजी पुढे, बाकी दहा जण एकामागे एक, आणि शेवटी पंप व पंक्चरचे सामान घेऊन दुकानदार, असा क्रम ठरला.

शनिवारी पहाटे थंडीत पुसद सोडले. पूस नदीचे खोरे मागे टाकून रस्ता चढउतार करीत पोफाळीवरून उमरखेडकडे, पैनगंगेच्या खोऱ्यात उतरतो. साधारण चाळीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी लगडलेली तूर, पुढे ऊस आणि हळद. उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्त्यावर होते, त्यामुळे बाजूने जाताना थांबून वाट द्यावी लागे. दर पाऊण तासाला थांबायचे, पाणी प्यायचे, दोन मिनिटे पाय मोकळे करायचे. बोलता बोलता सायकल चालविता आली पाहिजे; धाप लागून वाक्य तुटले की वेग कमी करायचा. दुपारच्या आत उमरखेडला पोहोचलो. गुरुजींची साखर १४८. त्यांनी लगेच घरी फोन करून आकडा कळविला.

बंदी भागातील तो तास

दुसऱ्या दिवशी उमरखेडहून ढाणकीच्या रस्त्याला लागलो. ढाणकीहून सरळ गेले की गांजेगावच्या पुलावरून पैनगंगा ओलांडून हिमायतनगरला, म्हणजे नांदेड जिल्ह्यात जाता येते. आम्ही मात्र नदीच्या अलीकडूनच बिटरगावकडे वळलो. येथून पुढचा प्रदेश बंदी भाग म्हणून ओळखला जातो. पैनगंगा अभयारण्याचे हे सागवानी जंगल, आणि नदीने त्याला तीन बाजूंनी वेढलेले. मधूनच झाडांतून पात्र चमकते, पुन्हा दिसेनासे होते. वाहनांची गर्दी नाही, हवा स्वच्छ. शहरात डोके दुखते म्हणून गोळ्या मागणाऱ्यांनी एक सकाळ येथे घालवून पाहावी. पण याच भागात मोबाइलची रेंज जाते-येते आणि मोठा दवाखाना दूर आहे, हेही विसरून चालत नाही.

ढाणकीला आम्ही पोहे आणि केळी असा नाश्ता केला होता. गुरुजी मुलांना सायकलच्या चेनचे गणित समजावून सांगण्यात इतके रंगले की त्यांची बशी अर्धी तशीच राहिली. अकराच्या सुमारास, जंगलात, त्यांची सायकल रस्त्याच्या डाव्या कडेवरून मध्यापर्यंत आली, पुन्हा डावीकडे गेली. दुसऱ्यांदा तसे होताच त्यांच्यामागे असलेल्या परिचारिकेने घंटी वाजवून सर्वांना थांबविले.

गुरुजी उतरले ते चिडूनच. “मले काही झालं नाही बाप्पा! तुम्ही चला ना!” इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. थंडी असूनही सदरा घामाने भिजला होता, बोटे थरथरत होती. ग्लुकोमीटरने ५६ दाखविले. ७० च्या खाली साखर गेली की तिला कमी समजतात. ५६ म्हणजे मेंदूला इंधन अपुरे पडू लागले होते. त्यांची चिडचीड हे आजाराचेच लक्षण होते.

तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिले. पंधरा मिनिटांनी तपासले, ६६. पुन्हा तीन चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी ९८. घाम थांबला, बोटे स्थिर झाली. मग ज्वारीची भाकरी आणि पिठले खाऊ घातले. कारण ग्लुकोज साखर चटकन वर आणते, ती टिकवून धरायला पोटात अन्न लागते.

एव्हाना मुलांची चुळबुळ सुरू झाली होती. एकाने विचारले, “आपण पुढे जाऊन टेम्पो इकडे आणायचा का?” सायकली परत नेण्यासाठी टेम्पो चार वाजता मुरलीला येणार होता. गुरुजी मान खाली घालून बसले होते. मला वाटते, त्या क्षणी त्यांना साखरेपेक्षा या प्रश्नाचीच भीती वाटत होती. शेवटी पहिल्या दिवशी नियमाला नाके मुरडणाराच मुलगा म्हणाला, “नियम तर नियम. गुरुजी जेव्हा निघतील तेव्हा आपण निघू.” आम्ही सागाच्या सावलीत तासभर बसलो. साखर १३२ झाली, नाडी ठीक होती, बोलणे पूर्ववत. मगच निघालो, पूर्वीपेक्षाही सावकाश, दर अर्ध्या तासाला थांबून व काहीतरी खाऊन.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुरुजी नेहमीप्रमाणे मागे राहिले असते तर त्यांची सायकल हेलकावे खाताना कुणालाच दिसली नसती. ते पुढे होते म्हणून दहा जणांचे डोळे त्यांच्यावर होते. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज उपयोगी पडले ते त्यानंतर.

सहस्रकुंड

दुपारी तीनच्या सुमारास मुरलीला पोहोचलो. येथे पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी खाली झेपावते. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा. पावसाळ्यातील रौद्र रूप डिसेंबरात नसते, तरी खडकांतून कोसळणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाज ऐकत राहावासा वाटतो. खडक शेवाळाने निसरडे असतात आणि वरच्या भागातून पाणी आल्यास पात्र वाढू शकते, त्यामुळे कुणीही खाली उतरायचे नाही असे आधीच ठरले होते. गुरुजी काठावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “शाळेच्या सहली घेऊन तीनदा आलो इथं. दरवेळी एस.टी.नं. आपल्या पायांनं आज पहिल्यांदा.”

त्या रात्रीही मी त्यांना झोपण्यापूर्वी साखर तपासायला सांगितले. मोठ्या श्रमानंतर रात्री झोपेत साखर उतरू शकते, हे अनेकांना माहीत नसते.

गुरुजी आजही रोज सकाळी सायकल काढतात. चार महिन्यांनी त्यांची तीन महिन्यांची सरासरी ८.४ वरून ७.३ टक्क्यांवर आली आणि त्यांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कायमची निम्मी केली. हा चमत्कार नव्हे. मधुमेह गेलेला नाही. अकरांपैकी चौघांनी सहलीनंतर सायकल पुन्हा भिंतीला टेकवली, हेही सांगितले पाहिजे. उरलेले सात जण टिकले, कारण सकाळी सहाला कुणीतरी दारात घंटी वाजवतो.

सहलीला निघण्यापूर्वी

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा. मार्चनंतर आपल्याकडील ऊन उष्माघाताला निमंत्रण देते. दुपारी बारा ते तीन शक्यतो सावलीत घालवावे.

२. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी. सीट खाली असली की गुडघ्याची पुढची बाजू दुखते. हेल्मेट घालावे; ब्रेक, चेन व हवा आदल्या दिवशी पाहून घ्यावी.

३. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. जुलाब झाल्यास किंवा फार घाम गेल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे घ्यावे. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

४. मधुमेहींनी निघण्यापूर्वी साखर तपासावी, नाश्ता पूर्ण करावा आणि गोळी किंवा इन्शुलिनची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. थरथर, घाम, एकाएकी चिडचीड, तोल जाणे ही साखर उतरल्याची लक्षणे सोबतच्या सर्वांना सांगून ठेवावीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर फोन करावा. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड जाणवत नाही, म्हणून त्यांनी अधिक सावध राहावे.

५. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी दम लागणे, असे झाल्यास तत्काळ थांबावे. “थोडे राहिले आहे, पोहोचू,” असे म्हणू नये.

६. डबा खायला शेतात बसण्यापूर्वी तेथे फवारणी झाली आहे का, हे विचारावे. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजुरांचे बळी गेले होते. हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

एवढी लांब सहल प्रत्येकाने करावी असे नाही. नजीकच्या नदीपर्यंत, तलावापर्यंत, गावाबाहेरच्या देवळापर्यंत गेलात तरी पुरे. अंगणातल्या सायकलचे पंक्चर काढून घ्या, चेनला तेल द्या आणि येत्या रविवारी शेजारच्या दोन-तीन जणांना हाक मारा. त्यांत एखादे गुरुजी असतील, तर त्यांना पुढे राहू द्या.